स्टेम सेल आणि ऑटोइम्यून आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संधिवाताच्या ओपीडीत मी समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर आत तपासत असतात, बाहेर माझ्या टेबलापाशी पेशंट आणि नातेवाईक बसतात. दोन-तीन दिवसांआड कुणीतरी पर्समधून चार घड्या घातलेलं पत्रक काढतं, नाहीतर मोबाइल पुढे करतं: "मॅडम, हे स्टेम सेलचं काय आहे हो?" खालची उत्तरं त्या टेबलावरची आहेत. उपचार ठरवायचे तुमच्या डॉक्टरांनी आणि तुम्ही मिळून. फक्त आत जाण्याआधी एवढं ठाऊक असलं, तर आतली दहा मिनिटं नेमक्या बोलण्यात जातात.

स्टेम सेल थेरपी म्हणजे नक्की काय?

सगळा घोळ इथेच आहे. या एका नावाखाली दोन वेगळे उपचार येतात.

पहिला म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण, आपण ज्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो तेच. डॉक्टर त्याला एचएससीटी म्हणतात. तीन-चार आठवडे दवाखान्यात राहावं लागतं, केमोथेरपी घ्यावी लागते, केस जातात.

दुसरा म्हणजे मेसेन्कायमल पेशी, थोडक्यात एमएससी. या नाळेतून, पोटाच्या चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि सलाइनमधून किंवा सांध्यात इंजेक्शनने देतात. केमो नाही, संध्याकाळी घरी.

पत्रकात आकडे पहिल्याचे छापलेले असतात आणि सलाइन दुसऱ्याचं लावलं जातं. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

ऑटोइम्यून आजारात मुळात बिघडतं काय?

जंतूंशी लढायला नेमलेल्या पांढऱ्या पेशींपैकी काही आपल्याच शरीराला शत्रू समजतात. सांध्याच्या अस्तरावर तुटून पडल्या की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, मज्जातंतूंच्या वेष्टनावर पडल्या की मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर पडल्या की टाइप १ मधुमेह. ल्युपसमध्ये कातडी, सांधे, मूत्रपिंड, काहीही सापडू शकतं. कोडसुद्धा याच कुळातलं. या पेशींना आठवण असते, म्हणून औषध थांबवलं की आजार पुन्हा डोकं वर काढतो.

ट्रान्सप्लांटमध्ये काय करतात?

कोकणात आणि मावळात भाताची रोपं टाकण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पाचोळा, कवळं रचून पेटवायचं, म्हणजे तणाचं बी जळून जातं. भाताचं बी तेव्हा घरात कणगीत सुरक्षित असतं. राख निवली, पाऊस आला की मग ते पेरायचं. ट्रान्सप्लांट डिट्टो असाच चालतो. तण जाळते ती केमो. स्टेम सेल हे राखून ठेवलेलं बी.

म्हणजे ऑटोइम्यून आजारात या पेशी स्वतः औषध नसतातच. औषध आहे केमो. पेशी नसत्या तर त्या केमोनंतर रक्त पुन्हा तयार व्हायला फार उशीर लागला असता आणि माणूस जंतुसंसर्गाने दगावला असता. लोकांना हे पटायला वेळ लागतो, कारण पत्रकावर चमकणारी निळी पेशी असते, केमोची बाटली नसते.

प्रत्यक्षात असं होतं. आधी जी-सीएसएफ या पेशी वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देतात, बहुतेकदा जोडीला सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाचा एक डोस. त्याने मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात. मग एका मशीनला जोडून काही तास रक्त फिरवतात, हव्या त्या पेशी वेगळ्या काढतात. त्या गोठवून ठेवतात. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश असतं. पुढे भरती, चार-पाच दिवस जोरदार केमो आणि सोबत एटीजी नावाचं, टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नष्ट करणारं औषध. त्यानंतर पिशवी वितळवून सलाइनसारखी चढवतात.

पेशी चढवणं दिसायला अगदी साधं असतं. काचेपलीकडे उभ्या नातेवाइकांना वाटतं, एवढंच? पण गोठवताना घातलेल्या डीएमएसओ या द्रव्यामुळे खोलीभर लसणासारखा वास सुटतो आणि पेशंटच्या श्वासाला तो एक-दोन दिवस राहतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या दहा-चौदा दिवसांची. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात, ताप येतो, तोंड सोलवटतं, रक्त आणि प्लेटलेट चढवावे लागतात. मग एका सकाळच्या रिपोर्टमध्ये पेशींचा आकडा हलतो आणि नर्सपासून मावशींपर्यंत सगळ्यांचे चेहरे हलके होतात.

घरी गेल्यावर मूळ ताकद यायला तीन ते सहा महिने धरा. लहानपणीच्या लशींचा परिणामही पुसला जातो, त्यामुळे त्या सहा महिने ते वर्षानंतर पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत जंतूंच्या लशी साधारण दोन वर्षांनी.

माझ्याच पेशी परत घालणार, मग माझाच आजार परत येणार नाही का?

येऊ शकतो. जनुकं तीच राहतात. पण बिघडलेली आठवण असते ती मोठ्या झालेल्या पांढऱ्या पेशींमध्ये, मूळ पेशींमध्ये नाही. जुन्या गेल्या की छातीतल्या थायमस ग्रंथीतून नव्या, कोऱ्या टी पेशी तयार होतात आणि त्या पुष्कळदा शरीराशी नीट वागतात. पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. काही जणांत जुना आजार उलटतो, काहींना ट्रान्सप्लांटनंतर थायरॉइडसारखा वेगळाच ऑटोइम्यून आजार जडतो.

कुठल्या आजारात गुण येतो?

पुरावा सगळीकडे सारखा नाही.

एमएसमध्ये सर्वांत भक्कम. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या अथानासिओस फासास यांच्या गटाने १९९७ मध्ये पहिले अनुभव छापले. नंतरचा मोठा अभ्यास शिकागोच्या रिचर्ड बर्ट यांचा. त्याचं नाव 'मिस्ट', २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ११० पेशंट होते. निम्म्यांना ट्रान्सप्लांट, निम्म्यांना चालू औषधं. आजार पुढे सरकला तो ट्रान्सप्लांटच्या गटात ३ जणांचा, औषधांच्या गटात ३४ जणांचा. मृत्यू एकही नाही. पत्रकवाल्यांचा हा लाडका आकडा. ते दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, हे पेशंट निवडलेले होते: झटके (फिट नव्हे, आजाराची उसळी) येणारा एमएस, औषधं चालू असूनही झटके सुरूच. आजार वर्षानुवर्षं हळूहळू वाढत चाकाच्या खुर्चीपर्यंत पोचला असेल, तर या उपचाराने गेलेली हालचाल परत येत नाही. दुसरं, तुलना ज्या औषधांशी झाली त्यांत आजची ऑक्रेलिझुमॅबसारखी जोरकस औषधं नव्हती. त्यांच्याशी तुलना करणाऱ्या चाचण्या, अमेरिकेतली बीट-एमएस, ब्रिटनमधली स्टार-एमएस, नॉर्वेतली रॅम-एमएस, त्यासाठीच आखल्या गेल्या.

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि फुप्फुसं कडक होत जाणारा स्क्लेरोडर्मा, हा दुसरा आजार. तो झपाट्याने पसरत असेल तर औषधांची झेप तोकडी पडते, आणि तिथे ट्रान्सप्लांटने आयुष्य वाढतं हे दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. त्याची किंमत पुढच्या प्रश्नात.

क्रोन्स या आतड्याच्या आजारात २०१५ च्या 'अ‍ॅस्टिक' चाचणीत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही आणि एक पेशंट दगावला. ल्युपसमध्ये अनुभव आहे, पण मोठी तुलनात्मक चाचणी नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये पूर्वी केलं जायचं. बहुतेकांचा आजार परतला, दरम्यान बायोलॉजिक औषधं (प्रतिकारशक्तीतल्या नेमक्या दुव्यावर काम करणारी) आली, आणि ट्रान्सप्लांट मागे पडलं. ओपीडीत सर्वांत जास्त विचारणारे मात्र ऱ्हुमॅटॉइडचेच पेशंट असतात.

जिवाला धोका किती?

स्क्लेरोडर्माच्या युरोपातल्या 'अ‍ॅस्टिस' चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला. ट्रान्सप्लांटच्या गटात ७९ जण होते. त्यांपैकी ८ जण पहिल्याच वर्षात उपचारामुळे गेले. पुढच्या वर्षांत चित्र उलटलं, आणि शेवटी ट्रान्सप्लांटवाले जास्त जगले. म्हणजे पहिल्या वर्षीचा धोका पत्करून पुढची वर्षं मिळवायची. हा सौदा कुणी कुणाच्या वतीने करू नये. पेशंटनेच करावा, पूर्ण आकडे समोर ठेवून.

नंतर निवड कडक झाली. स्क्लेरोडर्मात हृदयाला छुपी इजा असते आणि केमोच्या भारात ती उघडी पडते, म्हणून आता हृदयाची तपासणी बारकाईने करतात. एमएसचे पेशंट मुळात तरुण आणि बाकी धडधाकट असतात, त्यामुळे त्यांच्यात धोका बराच कमी आहे. शून्य नाही.

मुलगी २४ वर्षांची आहे, लग्न व्हायचंय. पुढे मूल होईल?

हा प्रश्न आई विचारते, तोही मुलगी बाहेर पाणी प्यायला गेली की. मुलीसमोरच विचारा. सायक्लोफॉस्फमाइडमुळे बीजकोशांना इजा होते, पाळी कायमची थांबू शकते. वय जास्त तितका धोका जास्त. म्हणून बीजांडं गोठवून ठेवायची सोय पहिल्या केमोच्या आधी करावी लागते. पेशी गोळा करण्यासाठी दिलेला सायक्लोफॉस्फमाइडही केमोच आहे, हे विसरलं जातं. मुलग्यांच्या बाबतीत वीर्य गोठवणं सोपं, एका दिवसाचं काम.

बाबांचं वय ७०, गुडघे झिजलेत. त्यांना चालेल?

झीज हा ऑटोइम्यून आजार नाही. हे पान त्यांच्यासाठी नाही.

मग सलाइनमधून देतात त्या पेशी? त्यांनी काहीच होत नाही?

काहीच होत नाही असं नाही. प्रयोगशाळेत एमएससी खरोखर भडकलेल्या पेशींना शांत करतात. माणसात तसंच घडतं का, हा खरा प्रश्न, आणि तिथे पुरावा लंगडतो. शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांश फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. त्यांचं कूर्चेत किंवा मज्जातंतूत रूपांतर होऊन नवा अवयव उगवत नाही. या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव १९९१ मध्ये रुळवलं अमेरिकेच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी. त्याच कॅप्लननी २०१७ मध्ये लिहिलं की नाव बदला, यांना स्टेम सेल म्हणू नका, त्याने पेशंटची दिशाभूल होते. नाव ठेवणाऱ्यानेच बारसं मागे घेतलं, पण पत्रकांपर्यंत ती बातमी पोचली नाही.

एमएसमध्ये 'मेसेम्स' नावाची चाचणी नऊ देशांत झाली, १४४ पेशंट, निकाल २०२१ मध्ये. पेशी सुरक्षित ठरल्या, पण एमआरआयवरचे नवे डाग कमी झाले नाहीत. क्रोन्समधल्या भगंदरासाठी चरबीतून काढलेल्या पेशींचं एक औषध युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालं. फेरचाचणीत त्याचा फायदा सिद्ध झाला नाही आणि २०२४ च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं. संशोधन चालू आहे, चालू राहावं. पण चालू संशोधन म्हणजे विकायला तयार असलेला उपचार नव्हे.

निदान अपाय तरी नाही ना? आपल्याच पेशी आहेत.

२०१० मध्ये थायलंडच्या डॉक्टरांनी एका बाईंची हकीकत छापली. ल्युपसने मूत्रपिंडं बिघडलेली. एका खासगी क्लिनिकमध्ये त्यांच्याच मूळ पेशी थेट मूत्रपिंडात टोचल्या. पुढे तिथे, यकृतात आणि अधिवृक्क ग्रंथीत रक्तवाहिन्यांच्या विचित्र गाठी झाल्या, एक मूत्रपिंड काढावं लागलं, आणि अखेर जंतुसंसर्गाने त्या गेल्या. पेशी त्यांच्याच होत्या.

त्याहून नेहमीचा अपाय साधा असतो: "आता गोळ्या बंद करा" हा सल्ला. स्टिरॉइड एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून माणूस आयसीयूत जातो. ल्युपसच्या गोळ्या सोडल्या की दोन-तीन महिन्यांत लघवीतून प्रथिनं जायला लागतात, आणि तोवर क्लिनिकने "पेशंटला बरं वाटतंय" असा व्हिडिओ काढून घेतलेला असतो.

भारतात याला परवानगी आहे का?

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. मंजूर यादीतल्या आजारांसाठीचं रक्तपेशींचं प्रत्यारोपण वगळता, स्टेम सेलचा माणसावरचा बाकी सगळा वापर हे संशोधन आहे. ते मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर करणं अनैतिक आणि गैरवर्तन धरलं जातं. जाहिरातींबद्दल तर १९५४ चा औषधं आणि चमत्कारी उपायांचा कायदा आहे. ज्या आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत मधुमेह, ल्युपस, संधिवात आणि कोड ही नावं आहेत. कायदा सत्तर वर्षांचा झाला. रिक्षांच्या मागची पोस्टरं काही त्याने वाचलेली दिसत नाहीत.

क्लिनिक म्हणतं आम्ही ट्रायलच करतोय, चार डोसचं पॅकेज आहे.

ट्रायल आणि पॅकेज हे शब्द एका वाक्यात आले की उठा. ट्रायलमध्ये ज्या उपचाराची परीक्षा चालली आहे त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार भरपाई द्यावी लागते.

सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, ही गंमत बऱ्याच जणांना कळत नाही. नोंद कुणीही करू शकतं. पान उघडल्यावर एथिक्स कमिटीची आणि डीसीजीआयची (देशाच्या औषध नियंत्रकाची) मंजुरी या दोन ओळी वाचा. तिथे लिहिलेला आजार तुमचाच आहे का तेही बघा. गुडघेदुखीच्या ट्रायलचा क्रमांक दाखवून ल्युपसच्या पेशंटकडून आगाऊ रक्कम घेतलेली मी पाहिली आहे.

बाळाच्या नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवलंय. ते वापरता येईल?

ऑटोइम्यून आजारासाठी आज तरी नाही. ट्रान्सप्लांट करायचंच झालं तर पेशी पेशंटच्या रक्तातून ताज्या गोळा करतात, वर सांगितलं तसं. नाळेचं रक्त स्वतःसाठी पैसे भरून साठवण्याला आयसीएमआरचा पाठिंबा नाही.

मावशींनी स्टेम सेलची पावडर दिली आहे, जिभेखाली ठेवायची.

त्या पावडरीत असतात त्या झाडाच्या पेशी. पोटात गेल्या की पचतात, भाजीसारख्या. मावशींना नाराज करू नका, पण दुसरं पाकीट घेऊ नका.

मेडिक्लेम मिळेल?

२०१९ मध्ये विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना संरक्षण द्यायला सांगितलं, त्यांत स्टेम सेल थेरपी आहे. शब्द मात्र असे आहेत: रक्ताच्या आजारांसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट. एमएस किंवा स्क्लेरोडर्मा त्यात बसतो का यावर कंपनी अडून बसू शकते, म्हणून पूर्वमंजुरी लेखी घ्या. टीपीएचा (विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाचा) फोनवरचा "होऊन जाईल" कुठे दाखवता येत नाही. खर्च लाखांत जातो, आणि भरतीच्या बिलात नंतरच्या महिन्यांतली औषधं, तपासण्या, दवाखान्याजवळची भाड्याची खोली धरलेली नसते.

टाइप १ मधुमेह बरा झाल्याच्या बातम्या खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत, पण तो तिसराच मार्ग आहे. ब्राझीलच्या जुलिओ व्होल्तारेली यांनी २००७ मध्ये केमो आणि ट्रान्सप्लांट करून नव्याने मधुमेह झालेल्या १५ पैकी १४ जणांचं इन्सुलिन काही काळ थांबवलं होतं. पुढे बहुतेकांना ते परत लागलं. आता बातम्यांत असतं ते वेगळं: मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत इन्सुलिन करणाऱ्या पेशीच घडवायच्या आणि त्या शरीरात बसवायच्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. त्या पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र सतत घ्याव्या लागतात. इन्सुलिनच्या जागी त्या गोळ्या, हा बदल साध्या मधुमेही मुलाला परवडणारा नाही. वारंवार बेशुद्ध पडण्याइतकी साखर उतरते अशांसाठी तो विचार आहे.

कार-टी हेही स्टेम सेलच का?

नाही. त्यात तुमच्याच टी पेशी काढून, जनुक घालून, बी पेशींवर (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) सोडतात. जर्मनीत एर्लांगनच्या गेओर्ग शेट यांच्या गटाने २०२१ मध्ये ल्युपसच्या एका तरुणीवरचा अनुभव छापला, २०२४ मध्ये ल्युपस आणि तशाच आजारांच्या १५ पेशंटचा. माझ्या ओपीडीतले डॉक्टर ट्रान्सप्लांटपेक्षा याच्याकडे जास्त आशेने बघतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार-१९ ही भारताची पहिली कार-टी. तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती काही रक्ताच्या कर्करोगांसाठी, ल्युपससाठी नाही.

इंजेक्शन घेऊन झालंय. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही.

सांगा. रागावले तर पाच मिनिटं रागावतील. बाटलीवरचा बॅच क्रमांक, पेशी कुठून आणल्या, किती दिल्या, कुठल्या तारखेला, हे क्लिनिककडून लेखी मागा. बिल जपून ठेवा. ताप, धाप, नवी गाठ, हातापायात नवा अशक्तपणा यांपैकी काही झालं तर वाट बघू नका. दुष्परिणाम सरकारच्या पीव्हीपीआय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंट स्वतःही कळवू शकतो.

ट्रान्सप्लांटबद्दल दुसरं मत घ्यायचंय. काय काय आणू?

एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी आणा. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघावे लागतात. स्क्लेरोडर्मा असेल तर फुप्फुसांची फुंकण्याची चाचणी आणि इको. आजवरची औषधं एका कागदावर: नाव, कधी सुरू, कधी बंद, का बंद. "सगळी करून झाली" असं सांगणाऱ्या कितीतरी पेशंटच्या कागदावर एकही बायोलॉजिक निघत नाही, आणि मग बोलणं ट्रान्सप्लांटऐवजी तिकडे वळतं. आणि ते पत्रकही आणा, चार घड्यांचं. आम्ही ते टेबलावर उलगडून, कुठला आकडा कुठल्या उपचाराचा आहे ते पेनने लिहून देतो.